नमुना लहान आहे

जगातली कुठलीही गोष्ट मूठभर पाहिली की पोतंभर कळते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमच्या दाजींनी कुठलंही पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेलं नाही. पुस्तक हातात आलं की डोळे मिटून मधलंच एखादं पान उघडायचं, चार ओळी वाचायच्या, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा एखादं पान. असं चार-सहा ठिकाणी डोकावून झालं की ते निकाल देतात, "घ्यायला हरकत नाही," किंवा "लेखक मधे झोपला होता." आंब्याची पेटी घ्यायची तर वरच्या थराकडे ते बघतसुद्धा नाहीत. कोपरापर्यंत हात घालून तळाचा एक आंबा काढतात आणि तो पेटीवाल्यासमोर धरून आंब्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघतात. लग्नात बाकीचे लोक आहेर आणि मानपान करत असतात तेव्हा दाजी मांडवामागं आचाऱ्यापाशी उभे असतात आणि पुढचं पातेलं सोडून मधल्या पातेल्यातली आमटी द्रोणात मागत असतात. "पहिल्या पातेल्यात आचारी जीव ओततो, शेवटच्यात पाणी ओततो. मधलं पातेलं खरं बोलतं," असं त्यांचं म्हणणं. आचारी त्यांना ओळखून आहेत. परतूरकडचा एक आचारी तर दाजी दिसले की मधल्या पातेल्याला वेगळी फोडणी द्यायला लागला होता. हे कळल्यापासून दाजी कुठलं पातेलं निवडायचं ते ऐन वेळी ठरवतात.

बदनापूरच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे, पण त्यांचा जीव अडकला होता तो संख्याशास्त्रात. त्यात त्यांनी एम.एस्सी. केलेलं होतं. घरी दाराच्या मागं एक बंबी टांगलेली असायची. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोत्याच्या पोटात खुपसून आतलं धान्य बाहेर काढतात ती टोकदार पोकळ नळी. ती घेऊन ते जालन्याच्या बाजारात निघाले की ताई पाठोपाठ चपला घालायची. एकदा गादीवाल्याच्या दुकानात त्यांनी उशीतसुद्धा बंबी खुपसली, आत सगळा कापूसच आहे की वरवर कापूस आणि मधे चिंध्या, हे बघायला. मधे चिंध्याच निघाल्या. दाजींचं म्हणणं बरोबर ठरलं, पण उशी त्यांनाच घ्यावी लागली, आणि तिच्यावर डोकं टेकवून ते वर्षानुवर्षं मोठ्या समाधानानं झोपले. दुसरी त्यांची कायमची सोबत म्हणजे एक लाल खणाची पिशवी. तिच्यात हौजीच्या खेळातल्या आकडे लिहिलेल्या लाकडी गोट्या असत. निवड करायची वेळ आली की पिशवी खळखळली म्हणून समजा. वर्गात प्रश्न कोणाला विचारायचा, कुठल्या टपरीवर चहा प्यायचा, दिवाळीला आधी कोणाच्या घरी फराळाला जायचं, सगळं पिशवीतून. याला पुस्तकात 'यादृच्छिक निवड' म्हणतात असं ते सांगायचे. ताईला तो शब्द आजवर नीट म्हणता आलेला नाही. साडीच्या दुकानात पिशवी बाहेर निघाली की ती म्हणायची, "तुमचं ते यादृच्छिक-फादृच्छिक आत ठेवा. मला निळीच पाहिजे."

आमचं गाव वाटूरजवळ. गावात दाजींबद्दल एकमत होतं. "तुमचे जावई म्हणजे एक नमुनाच हाय," असं लोक वडिलांना तोंडावर म्हणायचे. ते कशा अर्थानं म्हणायचे हे वडिलांना कळायचं आणि ते जरा कानकोंडे व्हायचे. एकदा दाजींनी स्वतःच ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा फुलून आला. नमुना हा त्यांच्या लेखी जगातला सगळ्यात पवित्र शब्द होता. "मामा," ते वडिलांना म्हणाले, "नमुना प्रातिनिधिक असला म्हणजे झालं." वडिलांची शाळा चौथीपर्यंतची. त्यांनी मान डोलावली आणि चहा सांगितला.

खरं म्हणजे ताईचं लग्नसुद्धा नमुन्यावरूनच ठरलं होतं. स्थळ सांगून आल्यावर, बघण्याच्या कार्यक्रमाच्या आधीच, दाजी एकटे आमच्या गावात येऊन गेले होते. कोणाला पत्ता नव्हता. पारावर बसून त्यांनी पिशवीतून गोट्या काढल्या, दारावर लिहिलेले ग्रामपंचायतीचे घर क्रमांक शोधले आणि ज्या घरांचे नंबर निघाले त्याच घरी जाऊन पाणी मागितलं. पाणी पिता पिता आमच्या घराची चौकशी केली. त्यात एक घर निघालं ते बांधाच्या वादावरून आमच्याशी बरीच वर्षं न बोलणाऱ्या माणसाचं. तो म्हणाला, "माणसं एकजात भांडखोर. पोरगी तेवढी चांगली हाय, पण ती त्या घरात जन्मली त्याला तिचा काय इलाज." दाजींनी तिथंच लग्न पक्कं केलं. "विरोधकानं दिलेली चांगली साक्ष," ते आजही सांगतात, "अशी माहिती विकत मिळत नाही." एकूण, आमच्या गावात घर क्रमांकावरून चौकशी केली की खरं कळतं, असा त्यांचा अनुभव होता. पुढं जे झालं ते या अनुभवावर विसंबल्यामुळंच झालं.

पण ते सांगण्याआधी माझं सांगायला हवं, कारण मी हे लिहू शकतोय ते दाजींमुळं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी संख्याशास्त्राच्या पेपरात मी नापास झालो, तेही चांगलाच. गावात ज्यानं त्यानं माझा निकाल आपापल्या परीनं लावला. चुलते म्हणाले, "आपल्यात न्हाई चालत ते. म्हशी वाढवा दोन." वडील दुसऱ्या दिवशी मला न सांगता म्हशी बघायला गेले होते. आणि त्याच दिवशी दाजी एसटीनं आले. ओट्यावर बसून त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मामा, एका पेपरावरून माणूस ठरत नसतो. नमुना लहान आहे." एवढंच. मग मला म्हणाले, "पाव्हणं, कपडे भरा." ते मला पहिल्यापासून पाव्हणं म्हणतात. बायकोच्या धाकट्या भावाला आमच्याकडं चेष्टेनं असंच म्हणतात. त्या उन्हाळ्यात बदनापूरच्या त्यांच्या घरी ज्वारी, हरभरे आणि हौजीच्या गोट्या फरशीवर पसरून त्यांनी मला जे शिकवलं ते मला आजही पाठ नाही, समजलेलं आहे. मी पास झालो, पदवीधर झालो, आणि आता जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत काम करतो. ढिगातल्या गोण्यांतून थोडं थोडं बी काढायचं, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं आणि किती उगवतंय त्यावरून सगळा माल बाजारात जाऊ द्यायचा की अडवायचा हे सांगायचं, असं ते काम. पहिल्या पगारावर मोटारसायकल घेतली तेव्हा दाजी दुकानात सोबत होते. शोरूमसमोरची चकचकीत गाडी सोडून त्यांनी मागच्या रांगेतली गाडी काढायला लावली, हे सांगायला नकोच.

आता ताईचं येसर. येसर आमच्याकडं घरोघरी लागतं. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, मसाले आणि लाल मिरच्या भाजून दळलेली ती पूड. ती टाकली की आमटीला अंगही येतं आणि चवही. ताई एका बालवाडीत शिकवायची. ते सोडून तिनं गल्लीतल्या चार बायकांना बरोबर घेतलं आणि येसराचा धंदा सुरू केला. मोंढ्यातल्या एका शेठनं तिचा माल चाखला आणि जालन्यापासून परतूरपर्यंतच्या दुकानांत ठेवायची तयारी दाखवली. अट एकच होती. "ताई, एकच माल द्या. दोन ठेवले की गिऱ्हाईक गोंधळून जातं. कोणता ते तुम्ही सांगा, मिरच्या भरायच्या आत सांगा." ताईकडं दोन प्रकार होते. एक आमच्या आईच्या पद्धतीचं काळं येसर, चांगलं खरपूस भाजलेलं, दिसायला मातीसारखं. दुसरं तिनं स्वतः बसवलेलं लाल येसर, हलकं भाजलेलं, पाकिटातून बघितलं तरी तोंडाला पाणी सुटेल असं. वर्षाची मिरची आणि धने उन्हाळ्यात एकदाच भरतात, आणि दोन्हींची मिरची वेगळी. चुकलं तर वर्षभर बदलता येणार नव्हतं. दुकानात पडून राहिलेला माल शेठनं परत केला असता आणि पुन्हा दारात उभं केलं नसतं. त्या चार बायकांनीही कुणी शेतातली मजुरी, कुणी धुण्याभांड्याची कामं ताईच्या भरवशावर सोडलेली होती. "चुकलं तर मी जाईन परत बालवाडीत ए फॉर ॲपल म्हणायला," ताई म्हणाली, "पण या कुठं जातील?"

शेठचा कल लालकडं होता, ताईचाही. दाजी म्हणाले, "खाणाऱ्यांना विचारू. पण सगळ्यांना नाही." आणि दाराच्या खिळ्यावरची पिशवी खाली आली.

गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या तर वाटूरच्या पट्ट्यातली गावं निघाली, त्यात आमचंही. प्रत्येक गावात घर क्रमांक पिशवीतून. मी सुट्या टाकल्या आणि मोटारसायकलवर मागं दाजी, त्यांच्या मांडीवर दोन्ही येसरांच्या पाकिटांची थैली, अशी आमची फेरी सुरू झाली. त्या फेरीत मला खरं संख्याशास्त्र कळलं. एक नंबर निघाला तो गावाबाहेरच्या शेतवस्तीचा. गाडी जाईना म्हणून कापसाच्या पऱ्हाटीच्या सऱ्यांमधून पायी निघालो, तर दोन कुत्री अंगावर आली. मी म्हणालो, "दाजी, गावातल्याच एखाद्या घरात देऊ की."

"गावातला नंबर निघाला नाही."

"पण चव सारखीच असती हो माणसाची."

"सारखी असती तर एकालाच विचारून घरी नसतो का गेलो? चला पाव्हणं. कुत्री भुंकून राह्यली म्हणजे घरात माणूस आहे. चांगली खूण आहे."

एका घराला कुलूप होतं तर आम्ही तीनदा गेलो. एका घरात सुतक होतं, तिथं दाजी नुसते बसून आले, थैली उघडली नाही, आणि सुतकाचे दिवस झाल्यावर पुन्हा गेले. प्रत्येक ठिकाणी दोन्ही पाकिटं द्यायची, दोन्हींची आमटी करून बघा म्हणायचं, आणि आठवड्यानं जाऊन कुठली आवडली ते विचारायचं. कुठलीही शिफारस करायची नाही, अशी त्यांनी मला ताकीद दिली होती. पण आमच्याकडं कोणी ओट्यावर टेकला की आधी विचारणार, "कोण्या गावचे? कोणाचे पाव्हणे?" दोन-तीन प्रश्नांत दाजी जावई म्हणून ओळखले जायचे. ताई वाटूरच्या शाळेत शिकलेली, सगळ्या पट्ट्याची लेक. मग चहा यायचा.

आठवड्यानं उत्तरं गोळा केली आणि काय सांगावं. जवळजवळ सगळ्यांनी लालच सांगितलं. "लई झ्याक." "बिलकुल वेगळी चव." "काळं काय, आमी बी करतो. लाल म्हणजे लेकीची हुशारी." ताई हरखून गेली. शेठला फोन करायला तिनं मोबाईल हातात घेतला. दाजी मात्र खुर्चीत बसून पाय हलवत होते.

"काय झालं तुम्हाला?" ताई म्हणाली.

"इतकं एकमत मी ग्रामसभेतसुद्धा पाहिलं नाही."

"म्हणजे लोकांना आवडलं तरी तुम्हाला चालत नाही."

"आवडलं असतं तर कोणीतरी नावं ठेवली असती. मीठ कमी, तिखट जास्त, काहीतरी. येसरातलं एक कोणी बोललं नाही गं. नुसतं झ्याक." मग म्हणाले, "फोन करू नको. एक दिवस दे मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही पिशवीतून एक नंबर काढला, तो नेमका त्या शेतवस्तीचाच निघाला, म्हणून पुन्हा तिथं गेलो. कुत्र्यांनी आता आम्हाला ओळखलं होतं, ती शेपूट हलवत पुढं आली. तिथं एक आजी राहते. तिनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जावई दारात आल्यावर उपाशी कसा जाईल. भाकरी, आमटी, कांदा. दाजींनी आमटीचा पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि मी समजलो की आता काहीतरी होणार.

"आजी, ही आमच्या पाकिटातली नाही."

"न्हाई बापू. ही माझीच."

"मग आमची?"

आजी जरा लाजल्यासारखी झाली. पदर सारखा केला आणि भिंतीतल्या देवळीकडं बोट केलं. तिथं देवाच्या फोटोशेजारी आमची दोन्ही पाकिटं जशीच्या तशी ठेवलेली होती. लाल पाकिटावर हळदीकुंकूसुद्धा वाहिलेलं होतं.

"तुमी तर म्हणालात लाल लई चांगलं झालं," मी म्हणालो.

"मंग काय वाईट म्हणू, लेकरा? जावईबापू स्वतः घेऊन आल्ते. पर लेकीच्या घरचं फुकट कसं खावं? आमच्यात न्हाई चालत. ठेवलं देवापाशी."

येताना मोटारसायकलवर दाजींनी माझ्या पाठीला कपाळ टेकवलं. मला वाटलं, खचले. वाटूर फाट्यावर मी चहाला गाडी थांबवली तर ते हसत होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "पाव्हणं," ते म्हणाले, "घरं बरोबर निवडली. गावं बरोबर निवडली. विचारणारा माणूस तेवढा चुकीचा निवडला. लग्नाआधी मी आल्तो तेव्हा कोणाचा कोण होतो, म्हणून गाव खरं बोललं. आता जावई झालो. जावयाला कोण खरं सांगतं?" बाकीच्या घरी चौकशी केली तर तीच तऱ्हा. म्हाताऱ्या माणसांनी पाकिटं उघडलीच नव्हती आणि त्यांच्या समोर सुनांनीही उघडली नव्हती. सगळ्या पट्ट्यानं एकमुखानं वाखाणलेलं येसर सगळ्या पट्ट्यात न चाखता पडून होतं.

दुसऱ्या फेरीची आखणी ताईच्या स्वयंपाकघरात झाली, आणि तिच्यात दाजींपेक्षा बायकांचंच जास्त चाललं. पहिलं ठरलं ते हे, की दाजींनी आणि मी त्या पट्ट्यात पाऊल टाकायचं नाही. त्या चार बायका बदनापूरच्या, तिकडं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. त्यांनी डोक्यावर टोपली घेऊन त्याच घरी जायचं. दुसरं, फुकट द्यायचं नाही. वाटीभर ज्वारी घ्यायची आणि पाकीट द्यायचं, म्हणजे ते खाता येईल. तिसरं दाजींनी सांगितलं, "कसं झालं म्हणून विचारायचंच नाही. दोन्ही द्यायची, आणि पुढच्या खेपेला ज्याला जे पाहिजे ते त्यानं मागून घ्यायचं. तोंड पाहुणचार करतं. वाटीभर ज्वारी द्यायला लागली की हात खरं बोलतो."

राहिली खूण. दोन्ही पाकिटं खाकी कागदाची, आतलं दिसू नये अशी. पण ओळखता तर आली पाहिजेत. दाजी म्हणाले, एकाला काळा दोरा, एकाला पांढरा. चौघींतली एक म्हणाली, "काळा दोरा बघितला की दृष्टीचा म्हणून पोराच्या पायात बांधतील." बरं, पिवळा. "पिवळा हळदीचा, तोच आधी उचलतील." हिरवा? "चुड्याचा रंग, तोच उचलतील." लाल विचारायचीच सोय नव्हती. दाजी हताश झाले. इतकी वर्षं संख्याशास्त्र शिकवलं पण रंगाला सोयरसुतक असतं हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. ताई भाजता भाजता मागं न बघता म्हणाली, "दोरा एकच घ्या, पांढरा. लालच्या पाकिटाला एक गाठ मारा, काळ्याच्या पाकिटाला दोन." दाजी तिच्याकडं बघतच राहिले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमच्या घरातली पोरगी तेवढी चांगली, असं तो बांधाच्या भांडणातला माणूस म्हणाला होता. नोंद बराबर होती."

पहिल्या खेपेला टोपल्या रिकाम्या झाल्या आणि ज्वारी आली. मग वाट बघणं. त्या दिवसांत दाजींनी पिशवीला हात लावला नाही. शेठचा फोन येत होता, बाजारात मिरच्यांचे भाव चढत होते, आणि ताई उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची. दुसऱ्या खेपेला चौघी गेल्या आणि संध्याकाळी परतल्या त्या हसतच. एक पायरीवर बसून चपला काढता काढता सांगायला लागली, "ताई, मी घरापर्यंत गेलेच न्हाई. बायका वाटंवरच उभ्या. हातात ज्वारीची वाटी. 'दोन गाठीचं आणलं का? दोन गाठीचं द्या.' एक गाठीचं म्हणलं तर म्हणतात, ते ऱ्हाऊ द्या, ते दिसायलाच हाय."

"का म्हणत होत्या, दोन गाठीचंच का?" दाजींनी विचारलं. न विचारायचं त्यांनीच ठरवलं होतं, पण आता मागणी नोंदवून झाली होती, म्हणून त्यांनी स्वतःला परवानगी दिली.

"आईच्या हातचं लागतं म्हणे. आता एवढं भाजायला वेळ कोणाला हाय? समद्या कामाला जातात. चूल बी न्हाई राह्यली."

सगळ्या गावांचं तेच निघालं. नावं ठेवणारेही निघाले, कोणाला मीठ जास्त वाटलं, कोणी अजून भाजा म्हणालं, आणि प्रत्येक तक्रार ऐकून दाजी असे खूश होत होते की जणू काही त्यांचाच सत्कार चाललाय. पण खरा कळस पुढं होता. एका सोयरिकीच्या निमित्तानं मी आणि दाजी गावाकडं गेलो तर फाट्यावर ती शेतवस्तीवरची आजी भेटली. तिनं दाजींना बाजूला घेतलं आणि वाईट वाटू नये अशा हळू आवाजात म्हणाली, "जावईबापू, एक बाई येती टोपली घेऊन. तिच्याकडं दोन गाठीचं येसर असतं. आमच्या लेकीला म्हणावं, जरा त्या बाईपाशी जाऊन शिक. भाजावं कसं ते तिला येतं."

हे ऐकून ताई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. हसता हसता ती रडायला लागली, आणि दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण भरलेला पाण्याचा तांब्या चव न बघता कोणाच्या हातात दिला.

शेठकडं ताई एकटी गेली. दाजी आणि मी बाहेर हमालांच्या चहाजवळ थांबलो. आत शेठ म्हणत होते, "मातीसारखं दिसतं हो ताई. लाल कसं, बघूनच उचललं जातं."

"एकदा उचललं जातं शेठ," ताईचा आवाज आला. "दुसऱ्यांदा काळंच उचलतात. आम्ही दुसरी खेप मोजलीय."

धंद्याच्या माणसाला दुसरी खेप कळते. त्यांनी काळं घेतलं, वर पाकिटावर काय छापायचं ते विचारलं, आणि ताईनं सांगितलं, काही छापू नका, पांढरा दोरा आणि दोन गाठी. आता त्या पट्ट्यात कुठल्याही दुकानात जा, लोक येसर मागत नाहीत, दोन गाठी मागतात. दिवाळीच्या आत माल संपला तेव्हा शेठ स्वतः गाडी घेऊन बदनापूरला आले, ताईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी आमटीभाकरी खाल्ली आणि दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. दाजींनी ते पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "दुसरी खेप."

आता त्या चौघींच्या चाळीसेक झाल्या आहेत. शेडमध्ये भाजणीची यंत्रं आहेत आणि एक मुलगी संगणकावर बसून कुठल्या दुकानात कुठलं पाकीट केव्हा गेलं ते बटण दाबून सांगते. सगळंच मोजलेलं असतं, त्यामुळं निवडायला काही उरत नाही. दाजी निवृत्त झाले. ते शेडमध्ये येतात, मधल्या थराच्या पोत्यात हात घालतात, चिमूटभर जिभेवर ठेवतात आणि मान हलवतात. बायका त्यांचा मान राखून थांबतात आणि मग काम पुढं सुरू करतात. खणाची पिशवी माझे भाचे हौजी खेळायला नेतात. त्यातल्या दोन-तीन गोट्या हरवल्यात. दाजींना ते माहीत आहे. "आता काही घरांचा नंबर निघणारच नाही," असं ते एकदा म्हणाले.

आजीला पुढं सगळं कळलं. ती अजून दोन गाठीचंच घेते, पण वाटीभर ज्वारी दिल्याशिवाय घेत नाही, आणि ताईही ती ज्वारी नाकारत नाही. लाल पाकीट अजून तिच्या देवळीत आहे. कागद फिका पडलाय. परवा आम्ही दोघं तिच्याकडं जाऊन आलो, जेवलो, आणि येताना मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "दाजी, मी नापास झालो तेव्हा तुमच्यापुढं माझा एकच पेपर होता. तोही तसला. मग मी पास होईन असं तुम्ही कशावरून धरलं?"

ते मागं बसलेले, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मागूनच म्हणाले, "धरलं नव्हतं काही. तुमच्या घरचा जावई ना मी, पाव्हणं. समोर ठेवलेलं चांगलंच म्हणायचं असतं."

मी हसलो. मग मला देवळीतलं ते न उघडताच वाखाणलेलं, हळदीकुंकू वाहिलेलं पाकीट आठवलं आणि मी गाडी जरा हळू केली.